इंग्रजीच्या तासाचा ठराव

आमच्या गावात सगळं ठरावानं व्हायचं. 'आमच्या' म्हणते खरी, पण मी जन्मानं तिथली नव्हे; नोकरीनं त्या गावची झाले. जळकोटच्या पुढं हायवे सोडून आत वळलं की ते गाव लागतं. कर्नाटकची हद्द इतकी जवळ की निम्म्या गावाच्या सोयरिकी पलीकडच्या. गावात सोसायटी होती, दूध संस्था होती, आणि त्याच मंडळींनी काढलेली शिक्षण संस्था होती. तिचं हायस्कूल, आणि त्या हायस्कूलात मी इंग्रजीची बाई. तिन्ही संस्थांत माणसं तीच. फक्त सही झाली की शिक्का बदलायचा.

या मंडळींना सभेची भारी हौस. एकानं विषय मांडायचा, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग चेअरमन साहेबांनी घसा खाकरून 'सर्वानुमते मंजूर' म्हणायचं, आणि चहा यायचा. दुष्काळाच्या एका वर्षी पोळा कसा करायचा याचाही ठराव झाला होता: बैलांना रंग लावावा, पण बैल धुऊ नयेत. पाऊस पाडावा अशी शासनाला विनंती करणारा ठरावही एकदा झाला म्हणतात. तो मी पाहिला नाही, पण त्या मंडळींकडं बघितलं तर खोटा वाटत नाही.

तर या लोकांनी माझ्या इंग्रजीवर ठराव केला.

त्याचं असं झालं. चेअरमन साहेब सोलापूरला एका सोयऱ्यांकडं गेले होते. त्यांच्या घरातलं एवढंसं पोर इंग्रजी शाळेत जायचं. साहेबांनी कौतुकानं विचारलं, "नाव काय रं तुझं?" पोरानं खडाखडा इंग्रजीत नाव, बापाचं नाव, पत्ता, सगळं सांगितलं आणि वर साहेबांना इंग्रजीतच काहीतरी विचारलं. साहेबांना ते कळलं नाही. बैठकीतली माणसं हसली. ज्याच्या शब्दावर पंचक्रोशी उठायची-बसायची तो माणूस एका पोरासमोर गप्प झाला, आणि एस.टी.त बसून गावाला येईपर्यंत धुमसत राहिला. आल्या आल्या सभा बोलावली. ठराव असा: इंग्रजीच्या तासाला शिक्षकांनी वा विद्यार्थ्यांनी इंग्रजीशिवाय कोणतीही भाषा बोलू नये. बोलल्यास विद्यार्थ्याने तास संपेपर्यंत बाहेर उभे राहावे. शिक्षकाचं काय करायचं ते लिहिलं नव्हतं, पण लिहायची गरजही नव्हती. माझी नेमणूक प्रोबेशनवर होती. मार्चच्या सभेत हीच मंडळी मला कायम तरी करणार होती, नाहीतर घरी पाठवणार होती.

हे मला हेडमास्तरांनी सांगितलं. हेडमास्तर फार सज्जन होते; म्हणजे घाबरट होते. "बाई," ते म्हणाले, "ठराव झालाय. दोन-चार महिन्यांचा प्रश्न हाय. निभावून न्या. एकदा कायम झालात की मग कोण इचारतंय?"

मला ती नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावर आमचं घर उभं होतं. मी परंड्याची. वडील कुर्डुवाडीला रेल्वेत साध्या कामावर होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. धाकट्या भावाचं कॉलेज माझ्या पगारावर चाललं होतं. आमच्या वस्तीतून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच. वडिलांनी मला इंग्रजी शिकायला लावलं त्याला कारण होतं. त्यांचा साहेब इंग्रजीत शिव्या द्यायचा. वडिलांना शिव्यांचं एवढं वाटत नसे, त्या कळत नसत याचं वाटे. म्हणायचे, "शिवी खाल्ली तर खाल्ली, पर कोणती खाल्ली ते तरी कळाय पायजे का न्हाय?" मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं तेव्हा त्यांनी मला ऐकलेल्या सगळ्या शिव्या आठवून आठवून सांगितल्या आणि अर्थ विचारले. काहींचे मी सांगितले, काहींचे सांगितले नाहीत. ते समजले आणि हसले.

या गावात आले तेव्हा खोली मिळायला वेळ लागला. का लागला हे कुणी सांगत नव्हतं आणि मला ते सांगावं लागत नव्हतं. शेवटी एका मुसलमान म्हातारीनं आपल्या घरातली पुढची खोली दिली आणि म्हणाली, "पढानेवाली है ना? बस, रह जा." मी राहिले. तेव्हा ही अशी आलेली मी एका ठरावानं सहज उठणारी नव्हते.

इंग्रजी आमच्याकडं कशी शिकवत, तेही सांगते. मी यायच्या आधी एक गुरुजी होते. ते एक इंग्रजी शब्द म्हणत, मग त्याचा मराठी अर्थ, आणि वर्ग दोन्ही एका सुरात म्हणे. लांबून ऐकलं तर देवळात आरती चाललीय असं वाटावं. पोरं पाचवीपासून ते म्हणत आलेली. गाईडातला निबंध त्यांना पाठ असे. 'माझा आवडता ऋतू: वसंत' यावर नववीचा वर्ग पान भरून इंग्रजी लिहू शकत होता, फुलं, फुलपाखरं, कोकिळा. बाहेर माळावर गवताची काडी नव्हती आणि पाण्याला टँकर येत होता. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं म्हणायची, "तवा दाणा नव्हता, आता पाणी न्हाय." पण निबंधात वसंत फुललेला. मी एकदा विचारलं, "या ऋतूत तुम्ही काय करता ते इंग्रजीत सांगा." सगळे गप्प. पाठ केलेलं होतं त्यात ते कुठं नव्हतं.

आणि हीच पोरं वर्गाबाहेर काय बोलायची! माझ्या वर्गात किराणा दुकानदाराची मुलगी होती. लिंगायत घर, घरात कानडी. संध्याकाळी ती दुकानात बसायची. मी मीठ-साखर घ्यायला गेले की बघत राहायचे. आजीला कानडीत हाक मारायची, माझ्याशी मराठीत बोलायची, पिंजाऱ्याची बाई आली की तिच्याशी हिंदीत घासाघीस करायची, आणि हे सगळं करता करता तराजूची दांडी हलू द्यायची नाही. एवढी हुशार मुलगी इंग्रजीच्या तासाला मात्र तोंड शिवल्यासारखी बसे. तिला तीन भाषा येत होत्या, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की इंग्रजी येत नाही.

ठराव लागू झाला आणि जे अर्धंमुर्धं बोलत होते तेही मुके झाले. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग बाहेर. बाहेर लिंबाचं झाड होतं, सावली होती, वारा होता. आत पत्र्याचा ताप. पोरांना काय, शिक्षा गोडच लागली. काही जण आत येऊन मुद्दाम मराठीत "बाई, आज बुधवार हाय" म्हणायचे आणि आपल्या पायानं झाडाखाली जायचे.

ठराव पाळला जातो की नाही हे बघायला वर्गाच्या दारात शिपायाला बसवलं. शिपायाला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. मी हेडमास्तरांना म्हटलं, "याला कसं कळणार, आम्ही कोणती भाषा बोलतोय ते?" शिपायानंच उत्तर दिलं. "सोपं हाय की बाई. मला कळलं का ती इंग्रजी न्हाय." खरंच, इतका बिनचूक तपासनीस मी पुढं कुठं पाहिला नाही. मराठी, कानडी, हिंदी तिन्ही त्याला कळत. आमचं एकही वाक्य त्याच्या हातून सुटत नसे.

मी काही आठवडे प्रामाणिकपणे प्रयत्न केला. हातवारे केले, चित्रं काढली, खडू पाडून दाखवला, उचलून दाखवला. पोरं माझ्याकडं सर्कस बघावी तशी बघत. एका मुलाला काहीतरी विचारायचं होतं. तो उभा राहिला, शब्द शोधले, दाराकडं बघितलं, शिपाई बसलेला दिसला, आणि तो खाली बसला. काय विचारायचं होतं ते त्यानं नंतरही सांगितलं नाही. त्या दिवशी मी फार चिडले. पोराच्या डोक्यात प्रश्न आला, ही केवढी गोष्ट! तो प्रश्न कोणत्या भाषेत आला म्हणून हाकलायचा, हे मला पटेना. घरात नवी सून आली म्हणून सासूला कुणी विहिरीत ढकलत नाही. इंग्रजी यायची तर घरात आधीच्या तिघी आहेत, त्यांच्या हाताखाली चार दिवस वावरेल आणि मग घराची होईल. हे मला कुठल्या बी.एड.च्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. तीन भाषांच्या गावात डोळे उघडे ठेवून राहिलं की कळतं.

मग सोसायटीची वार्षिक सभा झाली. ती नेहमी शाळेच्या पटांगणात व्हायची. मांडव पडला, शाळेला सुट्टी मिळाली, आणि सगळी पोरं कनातीच्या फटीतून आत बघत होती. सभा जोरात झाली. आरडाओरडा, "बसा खाली", "आधी अध्यक्षांची परवानगी घ्या", सगळं झालं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लिंबाखाली बघते तर माझ्या वर्गाची सभा भरलेली! एकजण चेअरमन, एकजण विरोधक, बाकीचे सभासद. दुसरीकडची पोरं चोर-पोलीस खेळतात, आमची सभा-सभा खेळत. विरोधक तावातावानं बोलत होता आणि चेअरमन झालेला पोरगा हुबेहूब साहेबांसारखा घसा खाकरत होता.

मी त्यांना तशीच वर्गात आणली. सांगितलं, आता इंग्रजीच्या तासाला रोज सभा. नियम दोनच. बोलताना ज्याला जी भाषा येईल ती त्यानं बोलावी. पण सभा चालवायची इंग्रजीत, आणि ठराव फळ्यावर लिहायचा तोही इंग्रजीत. चेअरमन रोज नवा. चेअरमनला लागणारे शब्द मी दिले: बसा, उभे राहा, परवानगी, सूचक, अनुमोदक, पुढचा विषय. एवढ्यावर सहकार चालतो, मग वर्ग का नाही चालणार?

चालला म्हणजे काय, धावायला लागला! पोरांना त्या शब्दांच्या मागचा सगळा कारभार आधीच ठाऊक होता. फक्त इंग्रजी नावं नव्हती. पहिल्याच सभेत 'गृहपाठ बंद करावा' हा ठराव एकमतानं मंजूर झाला. मी तो फेटाळला. संस्थेच्या वर रजिस्ट्रार असतो हे त्यांना माहीत असल्यानं कुणी रुसलं नाही. दुसऱ्या दिवशी पिंजाऱ्याच्या मुलानं मांडलं की बाईंनी रोज एक गाणं म्हणावं. माझं गाणं वर्गानं ऐकलेलं होतं. अनुमोदनाला एकही हात वर येईना. चेअरमन मुलानं विचारलं, आता काय म्हणायचं? मी सांगितलं आणि त्यानं मोठ्या आवाजात जाहीर केलं, "नो सेकंडर. मोशन फॉल्स." अनुमोदक नाही, ठराव पडला. वर्गाला ते वाक्य इतकं आवडलं की दिवसभर पटांगणात कुणी ठेचकाळून पडलं तरी पोरं तेच ओरडत होती.

खरी कसरत असायची ठराव लिहिताना. एकानं कानडीत सांगितलेलं, दुसऱ्यानं हिंदीत खोडलेलं, तिसऱ्यानं मराठीत जोडलेलं. त्या सगळ्याचं मिळून इंग्रजीत एक वाक्य करायचं. आणि इथं किराणा दुकानाची मुलगी जागी झाली. कारण सगळ्यांचं सगळं कळणारी वर्गात ती एकटीच होती. "तो तसं म्हणत न्हाय, तो म्हणतोय पाणी येतंय पर पुरंना," असं ती सांगे आणि मग हळूच इंग्रजीचा तुकडा जोडी. आधी एक शब्द, मग दोन. मग एक दिवस अख्खं वाक्य आलं आणि ती स्वतःच दचकली. ती चेअरमन झाली तर वर्ग चिडीचूप. डस्टर टेबलावर आपटून "ऑर्डर!" म्हणायची ती अशी की मीही गप्प बसायचे.

शिपायानं अर्थातच वर कळवलं. हेडमास्तरांनी मला बोलावलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. "बाई, तुमच्या तासाला कानडी बोलत्यात म्हणं?"

"बोलतात."

"आन् हिंदी?"

"तीही बोलतात. मराठीसुद्धा बोलतात. आणि सर, इंग्रजीही बोलतात, ती मात्र शिपायाला कळली नसेल."

त्यांनी डोक्याला हात लावला. "मार्च तोंडावर आलाय. कशाला इस्तवाशी खेळायलाव? साहेबांच्या कानावर गेलं तर तुमचं काय खरं न्हाय."

"जाऊ द्या," मी म्हटलं. "वर्गात येऊन बघा म्हणावं."

हे मी तोऱ्यात म्हटलं, पण त्या रात्री मी भावाला लिहिलं की पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. वडिलांना काही कळवलं नाही. माझ्या शिकवण्याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. पण शंका नसली म्हणून नोकरी राहतेच असं कुठं आहे?

साहेब आले. न सांगता, भर तासाला आले. उन्हाळा लवकर लागला होता, टँकर दिवसाआड येऊ लागला होता, आणि त्या दिवशी सभेपुढं विषय होता: टँकर कुठं थांबावा. टँकर कुठं थांबतो हे गावात साहेबच ठरवत. तो त्यांच्या आळीच्या तोंडाशी थांबायचा.

पिंजाऱ्याचा मुलगा खडू घेऊन फळ्यापाशी उभा होता आणि मान वळवून सांगत होता, "हमारे गल्लीतक टँकर आताच नै. चढ हय बोलते." मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "नम्म ओणीगे नीर बरंगिल्ल," म्हणजे आमच्याही आळीला पाणी येत नाही. मधल्या बाकावर एका संचालकांचा मुलगा मराठीत भांडत होता. आणि माझ्या खुर्चीवर, डस्टर हातात घेऊन, दुकानदाराची मुलगी बसली होती. मी खिडकीपाशी उभी.

दारात साहेब. मागं ते संचालक, हेडमास्तर आणि शिपाई. पोरं सवयीनं उठायला लागली. मुलगी म्हणाली, "सिट डाऊन. मीटिंग इज गोइंग ऑन." पोरं बसली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "बाई, हे काय चालवलंय? ठराव झालाय का न्हाय आपला? हितं कानडी, तितं हिंदी, शाळा हाय का आठवडी बाजार?"

मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात डस्टर टेबलावर आपटलं. खडूची धूळ उडाली.

"सर," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता, पण शब्द पक्के होते. "प्लीज सिट डाऊन. यू आर नॉट अ मेंबर."

साहेबांना त्यातलं 'मेंबर' कळलं, आणि हाताचा इशारा कळला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मुलीकडं बघितलं. चेअरमन ती होती, मी काय सांगणार?

आणि साहेब बसले. मला आजही त्याचं नवल वाटतं, आणि वाटतही नाही. त्या माणसाचं सगळं आयुष्य सभांत गेलं होतं. अध्यक्षानं बसा म्हटलं की बसायचं, मग अध्यक्ष कुणीही असो, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. पहिल्या रांगेत बाक रिकामा होता. तो पोरांच्या मापाचा. साहेबांचे गुडघे पार वर आले. संचालक त्यांच्या शेजारी कसेबसे मावले.

थोडा वेळ सभा पुढं चालली. मग साहेबांनी चक्क हात वर केला. "अध्यक्षांची परवानगी आसंल तर बोलतो."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं की आपण इंग्रजीच्या तासाला मराठी बोललो. दारातला शिपाई जमिनीकडं बघायला लागला. त्याला कळलं होतं, म्हणजे ती इंग्रजी नव्हती.

"यू कॅन स्पीक मराठी, सर," मुलगी म्हणाली. "वुई विल राइट इन इंग्लिश." आणि साहेबांना कळलं नसेल हे ओळखून तिनंच सांगितलं, "तुमी मराठीत बोला साहेब, आमी इंग्रजीत ल्हिताव."

साहेब उभे राहिले. टोपी सारखी केली. ते रागात होते आणि राग आला की त्यांना ठरावाच्याच भाषेत बोलता यायचं. "मी असं मांडतो," ते म्हणाले, "की बाईंनी संस्थेचा ठराव मोडलेला हाय. सबब बाईंना कायम करू नये."

खोटं कशाला सांगू, मी फार भ्याले. ज्याची इतके महिने धास्ती होती ते माझ्या वर्गात, माझ्या पोरांसमोर, मोठ्यानं बोललं गेलं होतं. मला वडील आठवले, भाऊ आठवला, आणि आता रडायचं नाही एवढंच मी स्वतःला बजावलं.

पिंजाऱ्याचा मुलगा खडू धरून उभा होता. तो माझ्याकडं बघत होता. मुलगी म्हणाली, "राइट." त्यानं लिहिलं. 'टीचर शुड नॉट बी परमनंट.' मी फळ्यावर वाचलं. वाक्य बिनचूक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, गाईडात नव्हतं, त्यानं ऐकलेल्या मराठीचं स्वतःच्या डोक्यानं इंग्रजी केलं होतं. माझी नोकरी घालवणारं ते वाक्य बघून मला, त्या भीतीतसुद्धा, अभिमान वाटला. हसू येईल, पण वाटला.

"प्रपोझर, चेअरमन साहेब," मुलगी म्हणाली. मग वर्गावरून नजर फिरवली. "सेकंडर?"

एकही हात वर आला नाही. बाहेर कुठंतरी घागरींचा आवाज येत होता. हेडमास्तर छताकडं बघत होते. साहेबांनी शेजारच्या संचालकांकडं बघितलं. संचालकांचा हात सवयीनं वर यायला लागला. मधल्या बाकावर बसलेल्या त्यांच्या मुलानं बापाकडं एकटक बघितलं. हात छातीपर्यंत आलेला. तो तसाच कानाकडं गेला आणि संचालकांनी बराच वेळ कान खाजवला.

"सेकंडर?" मुलीनं पुन्हा विचारलं. नियमाप्रमाणं विचारलं, घाई केली नाही.

मग डस्टर आपटलं. "नो सेकंडर. मोशन फॉल्स."

या वाक्याचा अर्थ साहेबांना कुणी सांगावा लागला नाही. पिंजाऱ्याच्या मुलानं फळ्यावरची ती ओळ पुसली. नुसती पुसली नाही, ओल्या फडक्यानं पुसली.

"नेक्स्ट सब्जेक्ट," मुलगी म्हणाली. "टँकर."

साहेब उठून जातील असं मला वाटलं. ते गेले नाहीत. सभा सोडून जाणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. ते बाकावर गुडघे वर करून बसले आणि टँकर त्यांच्या आळीत थांबतो यावर पोरं चार भाषांत काय बोलतात ते त्यांनी तासाची घंटा होईपर्यंत ऐकलं. मधे एकदा त्यांनी बोलायला हात वर केला. मुलगी म्हणाली, "वन मिनिट, सर. फर्स्ट मेंबर्स." ते थांबले.

तास संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. हेडमास्तर चार पावलं लांब उभे राहिले, म्हणजे ऐकू येईल पण अंगावर येणार नाही. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला.

"ती पोरगी किराणा दुकानाची ना?"

"हो."

"इतकी वर्सं सभा करालोय म्या. मला 'खाली बसा' म्हणायची छाती कुणाची झाली न्हाय. तिला कुणी शिकिवलं हे?"

"इंग्रजी मी शिकवली, साहेब," मी म्हटलं. "लोकांना खाली कसं बसवायचं, ते ती तुमच्याच सभेत शिकली."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि बराच वेळ थांबेना. हसून झाल्यावर त्यांनी टोपी घातली आणि पायरी उतरता उतरता मागं वळून म्हणाले, "बाई, मार्चच्या सभंत तुमचा इषय हाय. त्या पोरीला तेवढं घिऊन येऊ नका."

मार्चच्या सभेत मी कायम झाले. मांडलं चेअरमन साहेबांनी, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कान खाजवणाऱ्या संचालकांचा हात वर होता.